अर्धं ठेवून उठायचं

१

वाक्य पूर्ण झालेलं होतं. म्हटलं तर एवढंच बिनसलं होतं.

धाकटीने हेडफोन नीट बसवले आणि कालच्या रेकॉर्डिंगचा शेवट पुन्हा लावला. ‘दिवा लावून रखवालदार खिडकीशी आला, तेव्हा खाली पायवाटेवर...’ इथवर आपण वाचलं, हे तिला पक्कं आठवत होतं. ‘पायवाटेवर’ म्हटलं, तोंड मिटलं, बटण दाबलं आणि ती उठली होती. पण कानात तिचाच आवाज न अडखळता पुढे चालला होता. ‘...कोणीच नव्हतं, आणि तरीही कुत्रं ज्या दिशेला तोंड करून उभं होतं त्या दिशेला बघायचं त्याने टाळलं, पडदा ओढला, आणि मग कितीतरी वेळ तो ओढलेल्या पडद्याकडेच बघत राहिला.’

पुस्तकात अगदी असंच होतं. शब्दाला शब्द.

ती दचकली. पण तिच्या दचकण्याला कोणी फारशी किंमत देत नसे, ती स्वतःही नाही. दारावरची बेल, शेजाऱ्याची शिंक, स्वतःच्याच खुर्चीची कुरकुर, कशानेही दचकणारी मुलगी ती. तिची थोरली बहीण म्हणायची, "हिच्या मागून हळू चाललं तरी गुन्हा आणि पाय आपटत चाललं तरी गुन्हा." तेव्हा धाकटीने स्वतःची समजूत घातली. वाचलं असशील, विसरली असशील. कॉलेजात इतकी वर्षं तर्कशास्त्र घोकलं ते काय उगाच? तिने बटण दाबलं आणि ती पुढल्या वाक्याला लागली.

दुपारी जेवताना हातातला घास हातातच राहिला. ते एवढं लांबलचक वाक्य वाचणारीने मध्ये एकदाही श्वास घेतला नव्हता.

२

श्वासाचं एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण धाकटीचा धंदाच श्वासाचा. ज्यांना वाचायला सवड नाही, किंवा ज्यांचे डोळे साथ देत नाहीत, अशांसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. घरातली कपडे ठेवायची बिनखिडकीची खोली तिने रिकामी केली होती. चारी भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या, दाराला आतून गादी लावली होती. आत एक खुर्ची, एक माइक, एक दिवा. कंप्युटरचा पंखा घरघरतो म्हणून तो बाहेर, पलंगाशेजारच्या टेबलावर. दार लावलं की जग बंद. इतकं बंद, की पहिल्या दिवशी आपल्याच पोटातली गुरगुर ऐकून ती खुर्चीतून उठली होती.

अशा शांततेत श्वास फार मोठा वाजतो. लांब वाक्याआधी माणूस हवा ओढतो, ती सुर्रकन ऐकू येते. ते सगळे सुर्र शोधून शोधून कापायचे हे एडिटरचं काम. पण हे रेकॉर्डिंग अजून एडिटरकडे गेलंच नव्हतं.

आणि वेळेचं म्हणाल, तर गेल्या वर्षापर्यंत धाकटीच्या दिवसाला शेंडा ना बुडखा. मूड लागला तर वाचायचं, नाही लागला तर खिडकीत बसून लोकांच्या छत्र्या बघायच्या. हातातोंडाशी आलेली दोन पुस्तकं दुसरीकडे गेली तेव्हा तिची झोप उडाली, आणि ती एका शिबिराला जाऊन बसली. विषय होता, कलेचं काम करणाऱ्यांसाठी वेळेचं नियोजन. शिबिरवाल्या बाई ठाम होत्या.

"मूड हा पाहुणा आहे. त्याची वाट बघत बसलात तर चूलच पेटायची नाही," त्या म्हणाल्या. "टायमर लावा. तो चालू असेतो फोन नाही, बेल नाही, माणूस नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम कधीही पुरं करून उठू नका. परिच्छेदाच्या मध्ये उठा. वाक्याच्या मध्ये उठा. पुरं केलेलं काम थंड होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवावं लागतं. अर्धं ठेवलेलं आत कुठेतरी चालूच राहतं. सकाळी तुम्ही फक्त जाऊन बसायचं. ते वाट बघत असतं."

धाकटीला हे औषधासारखं लागू पडलं. वाक्य अर्धं ठेवून उठायची, दुसऱ्या दिवशी त्याच शब्दावर जाऊन बसायची आणि आवाज आपसूक वाट धरायचा. मग तिला अर्धं ठेवायची चटकच लागली. कामाला टायमर, मधल्या सुट्टीलाही टायमर, आणि तो वाजला की हातातलं जसंच्या तसं टाकून ती उठायची. कप अर्धा विसळलेला, चादर अर्धी ओढलेली, आणि ताईशी फोनवर चाललेलं बोलणं तर हमखास अर्धं.

"घड्याळबाई," ताई म्हणायची, "मी मेले तरी तू निम्मी रडून उठशील. उरलेलं उद्या."

३

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. या खेपेला वाक्य नाही, तिने सोडलेला अख्खा परिच्छेद पूर्ण होता. धाकटीने सरळ एडिटरला फोन लावला. तिच्यापेक्षा वयाने बराच मोठा, जिभेने तिखट, मनाने साधा माणूस तो.

"दादा, खरं सांगा. माझ्या वाचनात मध्येमध्ये मशीनचा आवाज घालताय का तुम्ही? हल्ली निघालंय ना तसलं?"

"मशीन असतं तर तुझी मनधरणी करत कशाला बसलो असतो गं?" एडिटर म्हणाला. "उलट मीच फोन करणार होतो. परवापासून तू पाठवतेस त्यात मला कापायला काही लागतच नाही. चांगली लांब लांब वाक्यं, मध्ये श्वास म्हणून नाही. श्वास घ्यायचं सोडलंस की काय?"

"घेते हो."

"मग लपवून घेतेस. शाबास! असंच चालू दे. कधी नव्हे तो मी संध्याकाळी वेळेवर घरी जातोय. बायको संशय घ्यायला लागलीय."

ती हसली, आणि हसल्यावर भीती थोडी उतरली. कौतुकाचं असंच असतं. शिवाय पुस्तक द्यायची तारीख तोंडावर आली होती. तिने विचार केला आणि तो तिला चांगला खणखणीत वाटला. आपण थकलेले असतो, तंद्रीत पुढचं वाचून जातो, मन ते विसरतं. बाई म्हणाल्याच होत्या, अर्धं ठेवलेलं आत चालू राहतं. यात घाबरण्यासारखं काय आहे? घाबरायचं तर काम न होण्याला घाबरावं.

त्या दिवशी तिने मुद्दाम पानाच्या सुरुवातीलाच सोडलं. एक शब्द वाचून उठली.

दुसऱ्या दिवशी पान पूर्ण होतं. आणि काय वाचलं होतं! धाकटीला जिथे नेहमी घाई व्हायची तिथे हा आवाज थांबला होता, जिथे तिचा गळा चिरकायचा तिथे तो खोल गेला होता. होता तिचाच. फक्त घाबरत नव्हता.

फक्त या पुस्तकापुरतं, तिने ठरवलं. आणि एका शब्दावर सोडून ती खिडकीत जाऊन बसली. कितीतरी महिन्यांनी तिने लोकांच्या छत्र्या बघितल्या.

४

मग संत्र्याचं झालं.

दुपारी ती संत्रं सोलत होती. निम्मं सोललं असेल नसेल, टायमर वाजला, तिने ते बशीत ठेवलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा संत्रं सोललेलं होतं. फोडी सुट्या करून बशीत गोल मांडल्या होत्या, आणि एकाही फोडीवर पांढरी शीर नव्हती. सगळ्या शिरा काढून बशीच्या कडेला छोटा ढीग केला होता.

धाकटी दारातच उभी राहिली. घराचं दार आतून लावलेलं. खिडकी होती तेवढीच उघडी. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं, तो धप्‌ धप्‌ आवाज येत होता. सगळं रोजच्यासारखं.

मीच सोललं असेल, ती स्वतःशी म्हणाली. पण शिरा काढायचा धीर तिच्यात जन्मात नव्हता. लहानपणी ताई काढून द्यायची. "शिरा राहिल्या की ही फोड थुंकते," असं सगळ्यांना सांगून सांगून, पण द्यायची. हे त्या घराबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तिने एक फोड उचलली. वास घेतला. मग खाल्ली. खरं तर इथेच तिने टायमर उचलून खिडकीबाहेर फेकायला हवा होता. पण फोड गोड होती, काम पुढे गेलं होतं, आणि दिवस कधी नव्हे इतका मोकळा वाटत होता.

तिने बशी संपवली.

५

शेवटचं प्रकरण उरलं होतं. सकाळी धाकटी खोलीत जाण्याआधी पलंगावर बसून चहा घेत होती. सुट्टीचा टायमर टिकटिकत होता. फोन वाजला.

ताई फोन नेहमी तोंडाच्या अगदी जवळ धरायची. लहानपणापासून तिची छाती जरा भरलेलीच. त्यामुळे तिचा फोन उचलला की आधी भला मोठा श्वास ऐकू यायचा आणि मग ती.

"सुटला वारा," धाकटी म्हणाली. हा त्यांचा जुना विनोद होता. आधी तुझा वारा येतो, मग तू.

ताई हसली नाही. "ऐक ना. मी घरातून निघालेय."

"निघालेय म्हणजे? बाजारात?"

"निघालेय म्हणजे निघालेय गं. बॅग घेऊन. का ते आत्ता विचारू नकोस, रस्त्यात रडू येईल. तुझ्याकडे येऊ का? चार दिवस. जास्त नाही."

"अगं, ये ना! विचारतेस काय? पण..."

पण मी आत असले की बेल ऐकू येत नाही, शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे, ती घे. एवढंच तिला म्हणायचं होतं. तेवढ्यात टायमर वाजला, आणि धाकटीचं अंग सवयीने उठलं. शेवटचं प्रकरण आज द्यायचं होतं. ताईला यायला तसाही वेळ लागणार. एक बैठक, की पुस्तक हातावेगळं.

"थांब हं, टायमर झाला," ती म्हणाली, फोन पलंगावर ठेवला आणि आत जाऊन गादीचं दार लावून घेतलं.

फोन बंद केल्याचं तिला आठवत होतं. निदान तसं वाटत होतं.

६

ती बाहेर आली तेव्हा ताई आलेली नव्हती. फोनवर तिचा निरोप होता, बोलून पाठवलेला. धाकटीने तो लावला. आधी वारा आला. मग ताई.

"कळलं गं. एवढं लांबण लावून सांगायची गरज नव्हती. चिडून बोलली असतीस तर चाललं असतं, तू आपली पुस्तक वाचल्यासारखी शांतपणे सांगत बसलीस. ‘पण आता इथे आम्ही दोघी आहोत, तिसरीला जागा नाही.’ दोघी म्हणे! कोण ही महाराणी, तिचं नाव तरी सांगायचंस. असू दे. लहानपणी तुला भरवलं ते काही मी मोजत बसले नव्हते. मी स्टँडवर आहे. जी गाडी आधी सुटेल तिच्यात बसते. कुठे जाते ते तुला कळवायचं काही कारण उरलेलं नाही. फोन करू नकोस."

मागे गाड्यांचे हॉर्न होते, कोणीतरी गावांची नावं पुकारत होतं. निरोप संपला.

धाकटीने फोनमध्ये सकाळचा कॉल शोधला. ती स्वतः जेमतेम चार-सहा वाक्यं बोलली होती. कॉल मात्र ती आत गेल्यावरही, निम्मी बैठक होईतो चालू होता.

म्हणजे मी आत होते, तेव्हा बाहेर बोलत कोण होतं?

तिचा तर्क एकदा धडपडून उठला. ताईच्या डोक्यावर ताण आहे. ताईने काहीतरी भलतंच ऐकलं. मग तिला आठवलं की आपल्याकडे साक्षीदार आहे. दार बंद असलं तरी माइकचे कान माणसापेक्षा तिखट असतात. ती टेबलापाशी बसली, हेडफोन घातले आणि आत्ताच्याच बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं. स्वतःच्या वाचनाकडे लक्ष दिलं नाही. दोन वाक्यांमधल्या रिकाम्या जागा शोधल्या आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

पहिल्या जागेत आधी तिचा श्वास, वावटळीसारखा मोठा. आणि त्याच्या मागे, गादीच्या, रजयांच्या पलीकडे, कोणीतरी बोलत होतं.

शब्द लागत नव्हते, पण चाल लागत होती. मुलाला गोष्ट सांगताना लागते तशी, संथ, गोड. दुसऱ्या जागेत तेच. तिसऱ्या जागेत तेच. मध्ये एकदाही थांबणं नाही, हवा ओढणं नाही. मग एका जागेत बोलणं संपलं. त्याच्या पुढल्या जागेत पावलं आली. पलंगापासून दारापर्यंत, सावकाश. त्याच्या पुढल्या जागेत दाराची गादी बाहेरून दबल्यासारखी कुरकुरली, कोणी खांदा टेकून ऐकत उभं राहावं तशी.

त्यानंतर दूर जाणारी पावलं कुठल्याच जागेत नव्हती. बैठक संपेपर्यंत नाही. आणि बैठक संपल्यावर ते दार धाकटीने स्वतःच्या हाताने उघडलं होतं.

तिने हेडफोन काढले आणि मान वळवली. तिच्या पाठीमागे गादीचं दार अर्धं उघडं होतं, ती सोडून आली होती तसंच. आत दिवा चालू होता. खुर्ची रिकामी होती. फक्त खुर्चीची बैठक, ती उठून इतका वेळ झाला तरी, अजून दबलेली होती.

७

आणि इथे धाकटीला, दचकणाऱ्या धाकटीला, एकदम सगळं स्वच्छ दिसलं. ती ओरडली नाही. तिने जाऊन ते दार लावलं, कडी पुरती बसेपर्यंत लावलं. कपात उरलेला चहा, गार झालेला, पिऊन टाकला. कप विसळला. चादर दोन्ही कोपरे जुळवून ओढली. पुस्तकाचं शेवटचं वाक्य सवयीने अर्धं सोडलं होतं, ते तिथेच उभ्याउभ्या मोठ्याने वाचून संपवलं, मध्ये दोनदा चांगला सणसणीत श्वास घेऊन. टायमर उलटा करून ड्रॉवरमध्ये टाकला. आपण अर्धं काही ठेवायचंच नाही. मग कोणी पूर्ण करणार तरी काय?

आता एकच गोष्ट अर्धी होती. ‘अगं ये ना, पण...’

तिने फोन लावला. रिंग वाजली, वाजत राहिली, आपोआप थांबली. पुन्हा लावला. एक बूट पायात, एक हातात, अशी ती दाराशी उभी होती. लक्षात आल्यावर तिने घाईघाईने दुसराही चढवला. पुन्हा लावला. स्टँडवर धावत जावं, तर तेवढ्यात ताई गाडीत बसली तर? कुठली गाडी, कुठलं गाव, कोणाला विचारणार? ताईला बहिणीशिवाय जायला दुसरं घर नव्हतं. त्या घराने तिला गोड आवाजात नाही म्हटलं होतं.

पुन्हा लावला. दर वेळी रिंग मध्येच तुटायची. न उचललेला फोन म्हणजे तरी काय, अर्धं राहिलेलं बोलणंच. हा विचार तिच्या मनात आला, आणि तिने तो लगेच झटकून टाकला. आता विचार नको. आता बोलायचं. पलीकडे फोन उचलला, की ताईला तोडायची संधी न देता, एका दमात, सगळं वाक्य पूर्ण करायचं. वाक्य तिने मनात नीट लावूनही ठेवलं. त्यात ‘पण’ नव्हता.

रिंग वाजली. वाजली. वाजली.

उचलला.

"ताई, फोन ठेवू नकोस, ते मी बोललेच नव्हते, कोण बोललं ते मग सांगते, तू आत्ताच्या आत्ता ये, पण-बिण काही नाही, हे घर तुझंच आहे, माझ्यापेक्षा तुझं जास्त, चार दिवस कशाला, कायमची राहा, मी कुठेही झोपेन, तू फक्त ये!"

झालं. शेवटच्या शब्दापर्यंत झालं. किती महिन्यांत तिने कोणाशी इतकं पूर्ण बोलणं केलं नव्हतं. दाराला पाठ टेकवून तिने फोन कानाशी घट्ट धरला, आणि डोळे मिटून ती ताईच्या वाऱ्याची वाट बघू लागली.

वारा आला नाही.

हॉर्न नव्हते. गावांची नावं पुकारणारा नव्हता. पलीकडे शांतता होती, मऊ, जाड, चारी बाजूंनी रजया ठोकल्यासारखी. ही शांतता धाकटी ओळखत होती. रोज ती तिच्यातच बसायची.

मग, श्वास न घेता, अगदी प्रेमाने, तिच्यापेक्षा कितीतरी चांगल्या तिच्याच आवाजात, उत्तर आलं.

"आलेच."